पीयूसी पास, एअर पंप गायब! जुन्या गाडीतला हा पार्ट काढला तर नेमकं काय होतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची एक अधिसूचना आली आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्यांचं गणित बदललं. २० वर्षांपेक्षा जुन्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार रुपये झाली. कार परदेशातून आयात केलेली असेल तर ४० हजारांचे थेट ८० हजार. दिल्ली आणि आसपासचा परिसर यातून वगळला, कारण तिथले नियमच वेगळे आहेत. बाकी देशाला हे लागू. म्हणजे २००५ साली रस्त्यावर आलेल्या गाड्या आता या रांगेत उभ्या आहेत.

फी भरली की काम झालं, असंही नाही. गाडी तपासणीला न्यावी लागते, चालू पीयूसी लागते. आणि गाडी इतकी जुनी असली की डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा बऱ्याचदा आधीपासूनच लागलेला असतो. तो विझवायला गॅरेजमध्ये गेल्यावर अनेकांची गाठ अशा एका पार्टशी पडते, ज्याचं नाव त्यांनी वीस वर्षांत एकदाही ऐकलेलं नसतं. सेकंडरी एअर पंप.

समजा, माहीममध्ये एल. जे. रोडच्या मागच्या एखाद्या गल्लीत २००४-०५ सालची एक जर्मन पेट्रोल सेडान उभी आहे. मालकाने हौसेने घेतलेली, आता मुलगा चालवतो. गाडी पळते छान, आवाज नाही, धूर नाही. फक्त तो दिवा. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पी-०४१० किंवा पी-०४११ असा कोड येतो आणि मग प्रश्न येतो: "नवीन पंप टाकू, की काढूनच टाकू? काढला तरी गाडीला काही फरक पडत नाही."

गाडीला फरक पडत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पीयूसीलाही पडत नाही. मग फरक पडतो कुणाला?

हा पंप करतो काय?

ज्यांनी जुनी फियाट चालवली आहे त्यांना चोक आठवत असेल. सकाळी इंजिन थंड असताना चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जायचं, आणि गाडी सुरू व्हायची. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, चोकची दांडी गेली, पण काम तेच राहिलं. आता ते गाडीतला कॉम्प्युटर करतो. थंड इंजिनला तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो.

हे जादा पेट्रोल इंजिनात पूर्ण जळत नाही. त्यातलं काही अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड बनतं, काही न जळताच हायड्रोकार्बनच्या रूपात सायलेन्सरकडे निघतं. एरवी वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजच्या भाषेत 'कॅट') हे विषारी वायू साफ करतो. पण कॅटची एक अडचण आहे. तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. गाडी सुरू केल्या केल्या तो थंड असतो. म्हणजे घाण सर्वात जास्त निघते तेव्हाच साफ करणारा झोपलेला असतो.

इथे एअर पंप येतो. बाहेरची ताजी हवा तो थेट एक्झॉस्ट व्हॉल्वच्या मागे, जिथे धूर सर्वात गरम असतो तिथे सोडतो. धुमसणाऱ्या शेगडीला वारा घातल्यावर जे होतं तेच तिथे होतं. उरलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड पाइपमध्येच पेट घेतात, जळून जातात, आणि त्या उष्णतेने कॅटही लवकर तापतो. साधारण मिनिट-दीड मिनिटात हे काम आटोपतं. कॉम्प्युटर पंप बंद करतो आणि तो पुढच्या थंड स्टार्टपर्यंत गप्प बसतो. अशा गाड्यांमध्ये सकाळी सुरू करताना बॉनेटखालून हेअर ड्रायरसारखा घूं-घूं आवाज येतो ना, तो हाच.

पंप फक्त धुरात हवा मिसळून आकडा कमी दाखवतो, प्रदूषण तेवढंच राहतं, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. पाइपातल्या धुराची टक्केवारी मोजली तर हवा मिसळल्याने ती कमी दिसेल, हे बरोबर. पण नवीन मॉडेलला मंजुरी देताना प्रयोगशाळेत टक्केवारी नाही, तर किलोमीटरमागे किती ग्रॅम विष बाहेर पडलं हे मोजतात. ग्रॅम हवा मिसळून कमी होत नाहीत. ते जाळावेच लागतात.

मग हा सगळ्या गाड्यांत का नसतो?

कल्पना नवीन नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या तेव्हा १९६६ च्या मॉडेल्समध्ये जनरल मोटर्सने पट्ट्यावर चालणारा असा पंप दिला होता. तेव्हा कॅटही नव्हता. नंतर पंप विजेवर चालू लागला आणि फक्त सुरुवातीच्या मिनिटापुरता उरला.

युरोपियन गाड्यांमध्ये तो विशेष दिसतो, आणि त्यामागे नियमातला एक छोटा बदल आहे. युरोपातल्या चाचणीत पूर्वी गाडी सुरू केल्यावर पहिले ४० सेकंद मोजलेच जात नसत. २००० साली युरो-३ मानक आलं आणि ही सूट गेली. स्टार्टर मारला त्या क्षणापासून मोजणी सुरू. जे मिनिट आजवर हिशेबातच नव्हतं ते अचानक सगळ्यात महाग झालं. ते सांभाळायला अनेक कंपन्यांनी आपल्या पेट्रोल गाड्यांत हा पंप बसवला. म्हणूनच त्या दशकातल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, फोक्सवागन यांच्या बऱ्याच इंजिनांवर तो सापडतो.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो नसतो. छोटं इंजिन, इंजिनाला चिकटूनच बसवलेला कॅट, स्पार्कच्या वेळेत केलेला बदल अशा युक्त्यांनी कॅट लवकर तापवता येतो. नव्या गाड्यांत तर हेच सर्रास चालतं. त्यामुळे ज्यांच्याकडे साधी हॅचबॅक आहे, त्यांनी बॉनेट उघडून पंप शोधत बसू नये.

दुचाकीवाल्यांनी मात्र निश्चिंत राहू नये. अनेक चार-स्ट्रोक बाइक्समध्ये याचाच बिनमोटरचा भाऊ असतो. एक छोटा झडपेसारखा व्हॉल्व, जो धुराच्या ठोक्यांवर ताजी हवा ओढून घेतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून 'फट-फट' आवाज येतो म्हणून तो बंद करून देणारी गॅरेजं आणि तसं शिकवणारे रील्स, दोन्ही भरपूर आहेत.

बिघडतो पंप, पण मारतो कोण?

गॅरेजमध्ये 'पंप गेला' असं ऐकलं की मालक पंपाची किंमत विचारतो, आकडा ऐकून गार होतो आणि 'काढून टाका' म्हणतो. पण पंप बहुतेक वेळा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला मारतो त्याच्या पुढचा एकदिशा व्हॉल्व.

हा व्हॉल्व हवा एक्झॉस्टकडे जाऊ देतो आणि गरम धूर उलटा येण्यापासून अडवतो. वर्षानुवर्षांच्या काजळीने तो चिकटतो किंवा गळायला लागतो. मग धूर उलटा पंपाकडे शिरतो. धुरात वाफ असते. गाडी बंद झाली की ती वाफ थंड होऊन पंपात पाणी साचतं. पाण्याने बेअरिंग गंजतात, मोटर अडकते. अडकलेली मोटर जास्त करंट खेचते, म्हणून फ्यूज उडतो नाहीतर रिले जळतो. आता कोड येतो, पण तो या साखळीच्या शेवटच्या कडीचा. व्हॉल्व न बदलता फक्त नवा पंप बसवला, तर काही महिन्यांनी तोही त्याच वाटेने जातो. 'एवढे पैसे घालून पुन्हा तेच' ही तक्रार बहुतेकदा इथून जन्मते.

त्यात ही मुंबई. माहीमच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठी नदी जिथे समुद्राला मिळते ती खाडी. हवेत खार आणि दमटपणा बारा महिने. काही मॉडेल्समध्ये पंप बंपरच्या किंवा चाकाच्या बाजूला बराच खाली बसवलेला असतो, म्हणजे जुलैत तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी काढली की पहिला आंघोळ करणारा तोच. त्यावर कळस म्हणजे गाडीचा कमी वापर. रोज तासभर चालणाऱ्या गाडीत साचलेली वाफ उष्णतेने उडून जाते. आठवड्यातून एकदा सिद्धिविनायकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ती तशीच बसून राहते.

'काढून टाकू' म्हणजे नेमकं काय करतात?

तीन प्रकार चालतात. सर्वात कच्चा प्रकार म्हणजे पंपाचा प्लग काढून ठेवायचा आणि दिवा लागला तर लागू द्यायचा. दुसरा, पंप-व्हॉल्व-नळ्या सगळं उतरवायचं, इंजिनावरच्या भोकांवर पत्र्याची झाकणं बसवायची आणि कॉम्प्युटर रिमॅप करून 'पंपाची चौकशीच करू नको' असं त्याला सांगायचं. तिसरा, कॉम्प्युटरला पंप जागेवर आहे असं भासवणारा एखादा वायरिंगचा जुगाड करायचा.

तिसरा प्रकार वाचून कुणाला फोक्सवागन आठवली असेल तर बरोबरच आहे. २०१५ साली उघड झालेल्या त्या घोटाळ्यात डिझेल गाडीचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली, तेव्हा रस्त्यावरचं उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, ज्याच्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तिथे कंपनीने लाखो गाड्यांत केलं, इथे गल्लीतल्या गॅरेजमध्ये एका गाडीत होतं. प्रमाणाचा फरक प्रचंड आहे, कल्पना मात्र तीच: तपासणाऱ्याला जे दिसतं तेवढंच ठीक ठेवायचं.

पीयूसीत हे पकडलं का जात नाही?

कारण पीयूसी गरम गाडीची होते. गाडी चालवत पीयूसी केंद्रावर नेली जाते, इंजिन नेहमीच्या तापमानाला आलेलं असतं, कॅट तापलेला असतो. सायलेन्सरमध्ये नळी घालून आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. पेट्रोलच्या बीएस-२ आणि बीएस-३ कारसाठी मर्यादा आहे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ साठी ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. त्याहून जुन्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे.

ज्या पंपाचं काम गाडी सुरू झाल्यापासून मिनिट-दीड मिनिटात संपतं, तो आहे की नाही हे दहा-पंधरा मिनिटं चाललेल्या गाडीच्या धुरातून कळणं शक्य नाही. पीयूसीवाला फसवतोय किंवा मशीन बोगस आहे, असं इथे काहीच नाही. मशीन खरं बोलतं. फक्त प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जातो.

शिवाय पीयूसीत बॉनेट उघडून पार्ट मोजत नाहीत आणि स्कॅनर लावून कोडही वाचत नाहीत. 'चेक इंजिन'चा दिवा लागलेली गाडी आरामात पास होऊ शकते. कॅलिफोर्नियात उलट आहे. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना सूट आहे, पण नंतरच्या गाड्यांची तपासणी करताना तंत्रज्ञ कंपनीने दिलेली प्रदूषण नियंत्रणाची उपकरणं जागेवर आहेत का हे डोळ्यांनी पाहतो. एअर पंप गायब असेल तर सायलेन्सरमधून कितीही स्वच्छ हवा येवो, गाडी नापास.

आणि कायदा?

आरसी बुकात एअर पंपाची नोंद नसते, त्यामुळे 'आरसीत नाही तर नियमात कसं?' असं विचारणारे भेटतात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए बदललं. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर कलम १९०(२) आहे. १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. आणि केंद्रीय मोटर वाहन नियम ११५ म्हणतो की गाडी मानकं पाळेल अशा अवस्थेत 'राखली' गेली पाहिजे. हा 'राखणं' शब्द महत्त्वाचा आहे. चाचणीच्या दिवशी पास होणं एवढंच कायद्याला अपेक्षित नाही.

प्रत्यक्षात पंप काढला म्हणून रस्त्यात कुणाला अडवलं जाईल का? आजच्या तपासणीच्या पद्धतीत तशी शक्यता फारच कमी आहे. आणि मोह होतो तो म्हणूनच.

ते एक मिनिट कुठे खर्च होतं?

हायवेवर हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीच्या एकूण हिशेबात पहिलं मिनिट किरकोळ आहे. माहीममधल्या गाडीचं तसं नाही. शाळा, बाजार, शिवाजी पार्क, दादर, सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. मे २०२५ पासून तर भुयारी मेट्रोचं शीतलादेवी स्टेशन दाराशी आलं आहे, त्यामुळे रोजच्या नोकरीला गाडी काढण्याची गरज आणखी कमी झाली. गाडी निघते ती छोट्या कामांना, आणि प्रत्येक वेळी थंड. अशा गाडीच्या आयुष्यात 'पहिलं मिनिट' पुन्हा पुन्हा येतं. थंड स्टार्टची घाण टाळण्यासाठी बनवलेल्या पार्टची गरज अशाच गाडीला सगळ्यात जास्त असते.

आता ती गाडी उभी कुठे असते ते पाहा. दोन इमारतींच्या मधल्या फटीत, तळमजल्याच्या खिडकीला चिकटून, चाळीच्या जिन्याच्या तोंडाशी. इथे सकाळी सात वाजता गाडी सुरू होते तेव्हा तो धूर वर जाऊन विरायला जागा नसते. तो खिडकीतून आत येतो. बाहेर शाळेच्या बससाठी उभं असलेलं मूल, दूधवाला, झाडू मारणारी बाई, तळमजल्यावर दम्याचा पंप हाताशी ठेवून बसलेले आजोबा, हे सगळे त्या मिनिटाचे गिऱ्हाईक. गाडीचा मालक तोवर काचा वर करून एसी लावतो आणि इंजिन गरम होईपर्यंत कॉजवेच्या दिशेने निघूनही जातो. गरम कॅटचा तुलनेने स्वच्छ धूर कॉजवेच्या ट्रॅफिकला, थंड कॅटचा घाणेरडा धूर शेजाऱ्यांना.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या न जळलेल्या धुरात बेंझीनसारखे कर्करोगाला कारणीभूत ठरणारे घटक असतात. पण डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि मुंबईचं धुराशी असलेलं नातं आजवर डोळ्यांचंच राहिलं आहे.

१९९५ च्या १ एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला, सोबत शिसेविरहित पेट्रोल आलं. १९९९ साली 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'ची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचा मोठा बदल झाला. तो गरजेचा होता. काळा धूर ओकणारी डिझेल टॅक्सी कुणालाही दिसत होती. पुढे टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा लागली आणि २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. शहर हळहळलं, फोटो निघाले. खासगी कारला मुंबईत अशी ठोस वयोमर्यादा नाही. नूतनीकरण होत राहिलं तर ती चालत राहते. त्यामुळे तिची आतली उपकरणं शाबूत आहेत की नाहीत, हा प्रश्न टॅक्सीपेक्षा तिच्या बाबतीत जास्त टोकदार होतो.

दुरुस्ती परवडते का?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं कोटेशन पाहून 'नाही' असं उत्तर येईल. पण पंप बदलणं ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

आधी फ्यूज आणि रिले. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावरच काम भागतं, आणि रिले हा स्वस्त पार्ट आहे. मग रबरी नळ्या. वीस वर्षांत रबर कडक होऊन चिरतं, हवा वाटेतच गळते आणि कॉम्प्युटर 'हवा कमी पोचतेय' असा कोड देतो. व्हॉल्व उघडण्यासाठी लागणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तर हात लावताच तुटते. त्यानंतर एकदिशा व्हॉल्व. पंपाच्या बाजूची नळी काढून आत काजळी किंवा ओल दिसली की समजायचं, धूर उलटा येतोय. व्हॉल्व बदलायचा. आणि शेवटी पंप. मोटर पूर्ण अडकलेली नसेल तर उघडून, साफ करून ती पुन्हा चालू करून देणारे जुने इलेक्ट्रिशियन मुंबईत अजून आहेत. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याच मॉडेलचा जुना पंप मिळू शकतो, पण तो घेताना बॅटरी लावून फिरवून पाहावा आणि हलवून आत पाणी वाजतंय का ते ऐकावं. जुना पंप आणि नवा व्हॉल्व ही जोडी चालते. नवा पंप आणि जुना व्हॉल्व ही जोडी टिकत नाही.

काही इंजिनांत मात्र खरी अडचण वेगळी असते. सिलिंडर हेडमधले हवेचे बारीक मार्गच कार्बनने बुजतात. पंप ठणठणीत, व्हॉल्व नवा, तरी कोड येतच राहतो. ते मार्ग साफ करणं वेळखाऊ आणि महाग काम आहे. इतका खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर ती ठेवायची का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायची वेळ आलेली असते.

पंप बंद असताना गाडी चालवत राहिलं तर इंजिन बिघडत नाही. पण गळका व्हॉल्व तसाच ठेवला तर धूर बॉनेटखाली गळू शकतो, आणि ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचायला लागला तर पेट्रोलचा हिशेबही बिघडतो. आणखी एक तोटा लोक विसरतात. एकदा दिवा कायमचा लागला, किंवा रिमॅप करताना बाकीचे इशारेही बंद केले गेले, की उद्या दुसरं काही गंभीर बिघडलं तरी गाडी सांगणार नाही.

नियम बदलतील का?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेवरून स्वतःहून दाखल केलेल्या याचिकेत उच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही २०२५ मध्ये 'नो पीयूसी, नो फ्युएल'ची भूमिका जाहीर केली. पीयूसी नाही तर पंपावर पेट्रोल नाही.

हे सगळं पीयूसीच्या कागदावर उभं आहे. कागद बोगस नसावा, वेळेत काढलेला असावा, यावर जोर आहे आणि तो योग्यही आहे. पण इथे ज्या गाडीबद्दल बोलणं चाललंय ती बीएस-२ किंवा बीएस-३ असल्याने दर सहा महिन्यांनी पीयूसी काढेल, दर वेळी अस्सल मशीनवर पास होईल आणि पेट्रोलही भरेल. २० वर्षांवरच्या गाडीसाठी १० हजार घेताना आरटीओने तपासणीत दोन साध्या गोष्टी वाढवल्या तरी बराच फरक पडेल: 'चेक इंजिन'चा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, आणि बॉनेट उघडल्यावर कॅट, एअर पंप, त्यांच्या नळ्या जागेवर आहेत का. यासाठी नवी मशीन लागत नाही. ताडदेवच्या आरटीओत, म्हणजे एमएच-०१ च्या ज्या कार्यालयाकडे माहीमच्या गाड्या जातात तिथे, नूतनीकरणाच्या वेळी गाडी समोर उभीच असते.

तोपर्यंत जुनी युरोपियन पेट्रोल गाडी सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. विकणाऱ्याला आधीच सांगावं की गाडी सुरू करून ठेवू नका. सकाळी जावं, बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी आणि मग स्वतः चावी फिरवावी. त्या मॉडेलमध्ये एअर पंप असेल तर घूं-घूं आवाज यायला हवा आणि मिनिट-दीड मिनिटात आपोआप थांबायला हवा. चावी फिरवताना पिवळा दिवा क्षणभरही लागला नाही, तर कुणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो.